सेल्फ गोलनंतरचा सामना

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

फुटबॉलवर बोलायला एका कवीला का बोलावलं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला होता. मी काही क्रीडासमीक्षक नव्हे. पण मी कोल्हापूरचा आहे, आणि कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला फुटबॉलचं प्रमाणपत्र वेगळं काढावं लागत नाही. आमच्याकडे तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा आणि तालीम म्हणजेच फुटबॉलचा संघ. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं आमच्या कानावर बाराखडीच्या आधी पडतात. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला, की त्या दिवशी पेठेत कुणाकडे कामाचं बोलायला जाऊ नये, एवढं शहाणपण आम्हाला लहानपणीच येतं.

आज मात्र मी बोलणार आहे ते कोल्हापूरपासून फार दूरच्या एका मुलीविषयी. तिचं नाव आना मारिया गुझमान. देश कोलंबिया, जन्म ११ जून २००५ चा. ती बचावपटू आहे, म्हणजे आमच्या जुन्या बोलीत ‘बॅक’. कोल्हापूर तिला ठाऊक असण्याचं काही कारण नाही. पण आपल्या महाराष्ट्रातलं एक गाव ती जन्मभर विसरू शकेल असं मला वाटत नाही. ते गाव म्हणजे नवी मुंबई.

३० ऑक्टोबर २०२२, रविवार. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना. ही स्पर्धा त्या वर्षी भारतात भरली होती. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई अशा तीन ठिकाणी सामने झाले. यजमान म्हणून आपल्या मुलीही खेळल्या आणि भुवनेश्वरला तिन्ही सामने हरल्या. अमेरिकेनं आठ, मोरोक्कोनं तीन, ब्राझीलनं पाच गोल केले. आपली कर्णधार अस्तम उराँव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली मुलगी, तीही बचावपटूच. सोळा गोल झाले, हे सगळ्यांनी मोजलं. त्या तीन सामन्यांत आपल्या बचावफळीनं किती चेंडू अडवले, हे कुणी मोजलं नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, कारण माझं आजचं सगळं बोलणं त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

अंतिम सामना होता स्पेन आणि कोलंबिया यांच्यात. गटातल्या सामन्यात स्पेननं कोलंबियाला १-० असं हरवलं होतं. पण त्यानंतर कोलंबियाच्या मुली सावरल्या. मडगावच्या उपान्त्य सामन्यात नायजेरियाशी गोलशून्य बरोबरी झाली आणि पेनल्टींवर ६-५ अशी बाजी मारून त्या नेरूळला आल्या. पुरुष असोत की स्त्रिया, मोठे असोत की लहान, कोलंबियाचा कोणताही संघ तोवर फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचला नव्हता. या सोळा-सतरा वर्षांच्या मुली पहिल्या.

सामना नव्वद मिनिटांचा. एक्याऐंशी मिनिटं संपली तरी गोलफलक कोराच होता. ब्याऐंशीव्या मिनिटाला स्पेनची चढाई झाली, चेंडू कोलंबियाच्या गोलासमोर आला, तो अडवायच्या धडपडीत गुझमानचा स्पर्श झाला आणि चेंडू तिच्याच संघाच्या जाळ्यात गेला. स्पेन १, कोलंबिया ०. आणखी गोल झालाच नाही. स्पेन विश्वविजेता ठरला. गोल करणाऱ्याच्या रकान्यात नाव लागलं ते गुझमानचं, आणि पुढे कंसात दोन शब्द : सेल्फ गोल. आपली वर्तमानपत्रं त्याला ‘स्वयंगोल’ म्हणतात. कोल्हापुरात आम्ही सेल्फच म्हणतो.

हा सेल्फ गोल होतो कसा, ते आधी समजून घेऊ. बघणाऱ्याला वाटतं, एवढं मोठं मैदान असताना हिनं चेंडू नेमका स्वतःच्याच गोलात कसा घातला? गंमत अशी की आघाडीचा खेळाडू आणि बचावपटू एकाच जागी उभे असले तरी त्यांची तोंडं वेगवेगळ्या कामाला लागलेली असतात. आघाडीचा खेळाडू गोलाकडे धावतो आणि त्याला गोलच करायचा असतो. बचावपटूही त्याच्यासोबत त्याच गोलाकडे धावतो, पण त्याला चेंडू तिथून बाहेर काढायचा असतो. म्हणजे शरीराची सगळी गती एका दिशेनं आणि इच्छा नेमकी उलट दिशेनं. अशा धावत्या पायाला चेंडू नुसता लागला, तरी तो गतीच्या दिशेनंच जाणार. आणि त्या दिशेला गोल असतो.

त्यात चेंडूचा वेग घ्या. ताशी ७२ किलोमीटर हा काही फार मोठा वेग नव्हे. त्या वेगानं चेंडू एका सेकंदात वीस मीटर जातो. दहा मीटरवरून मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदात पायाशी येतो. त्या अर्ध्या सेकंदात बचावपटूला ठरवायचं असतं की याला पाय लावू की सोडू? सोडला, आणि मागे प्रतिस्पर्धी उभा असला, तर गोल नक्की. पाय लावला आणि कोन चुकला, तरी गोल. बगलेवरून जमिनीलगत येऊन गोलकीपर आणि बचावफळी यांच्या मधून जाणारा चेंडू सगळ्यात वाईट. गोलकीपरला वाटतं बॅक घेईल, बॅकला वाटतं गोलकीपर घेईल. म्हणून प्रशिक्षक शिकवतात की अंग तिरपं ठेव, गोलाला सरळ तोंड करून धावू नकोस, चेंडू आडवा बाहेर काढ, कॉर्नर गेला तरी चालेल. शिकवणं सोपं असतं. पण ब्याऐंशीव्या मिनिटाला दमलेले पाय हे सगळं आठवण्याच्या पलीकडे गेलेले असतात.

आणखी एक बारीक गोष्ट. समोरच्यानं मारलेला चेंडू मुळात गोलाकडेच चालला असेल आणि वाटेत बचावपटूला लागून आत गेला, तर गोल सहसा मारणाऱ्याच्या नावावर धरतात. चेंडू गोलाबाहेर किंवा आडवा चालला असेल आणि बचावपटूच्या स्पर्शानं वळून आत गेला, तर तो सेल्फ. म्हणजे सेल्फ गोल त्याच्याच नावावर लागतो, जो चेंडूपर्यंत पोचलेला असतो. जो मागे राहिला, ज्याला पोचताच आलं नाही, त्याचं नाव कुठंच येत नाही.

हे मला पुस्तक वाचून कळलेलं नाही. आमच्या घरातच एक सेल्फ गोल होता.

माझा थोरला चुलतभाऊ, आम्ही सगळे त्याला भाईजान म्हणतो, हा तरुणपणी एका तालमीच्या संघातून खेळायचा. बॅक. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. एका स्थानिक स्पर्धेचा अंतिम सामना होता. मी काकांच्या खांद्यावर बसून पाहत होतो. शेवटच्या दहा मिनिटांत बगलेवरून चेंडू आला, भाईजान धावला, त्याच्या नडगीला लागून चेंडू आमच्याच जाळ्यात. स्टेडियममध्ये क्षणभर शांतता झाली, आणि मग समोरच्या गॅलरीतून जो आवाज आला, तो माझ्या कानात अजून आहे. घरी आल्यावर त्यानं अम्मीला एवढंच सांगितलं, “बॉल पांव को लगा, बस.” हंगाम पावसाआधीच संपला. पुढच्या हंगामात त्याला कुणी बोलवायला आलं नाही. तोही गेला नाही. पेठेत त्याचं नाव पडलं ‘सेल्फ’. पुढे त्यानं गाड्यांचे डायनॅमो आणि सेल्फ-स्टार्टर दुरुस्त करायचं दुकान काढलं. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, सेल्फ दुरुस्त करतो म्हणून हे नाव. भाईजाननं त्यांचा हा समज कधी दुरुस्त केला नाही.

नेरूळचा सामना आम्ही दोघांनी टीव्हीवर पाहिला. त्याचं वय तेव्हा साठीच्या पुढं गेलेलं. गुझमानच्या पायाला चेंडू लागला तसा तो उठला. म्हणाला, “मागं कोण आहे ते तिला दिसत नव्हतं.” आणि आत जाऊन झोपला. बक्षीस समारंभ मी एकट्यानं पाहिला.

सेल्फ गोल आणि कोलंबिया हे दोन शब्द एकत्र आले, की जगातल्या फुटबॉलप्रेमींना आणखी एक नाव आठवतं, आंद्रेस एस्कोबार. तोही बचावपटू. १९९४ च्या पुरुषांच्या विश्वचषकात, २२ जूनला, कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथं अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात बगलेवरून आलेला चेंडू अडवायला त्यानं घसरून पाय लांबवला आणि चेंडू आपल्याच गोलात गेला. कोलंबिया २-१ असा हरला आणि पहिल्याच फेरीत स्पर्धेबाहेर पडला. एस्कोबार मायदेशी परतला. आयुष्य इथंच संपत नाही, अशा अर्थाचं त्यानं तिथल्या ‘एल तिएम्पो’ या वृत्तपत्रात लिहिलंही. २ जुलैला मेदेयिन शहरात एका नाइट क्लबबाहेर त्याला गोळ्या घालून ठार मारण्यात आलं. तो सत्तावीस वर्षांचा होता. त्या खुनामागे काय काय होतं, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. अमली पदार्थांचा पैसा, सट्टा आणि बंदुका यांनी त्या काळी तिथलं सगळं सार्वजनिक जीवनच पोखरलं होतं. पण जगाच्या स्मरणात राहिलं ते एवढंच की एका माणसाच्या पायाला चेंडू लागला आणि त्याला जीव गमवावा लागला.

गुझमानचा जन्म या घटनेनंतर अकरा वर्षांनी झाला. पण कोलंबियात फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला एस्कोबारची गोष्ट कुणी वेगळी सांगावी लागत असेल, असं मला वाटत नाही. बचावपटूला तर नाहीच. काळ बदलला, देशही बदलला. तरीही नेरूळच्या त्या रात्री सतरा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला जे दोन शब्द आले, त्यांना तिच्या देशात असा इतिहास होता, हे विसरून चालणार नाही.

आता हिशेबाकडे येऊ. फुटबॉलमध्ये आघाडीच्या खेळाडूचा हिशेब सोपा असतो. किती गोल केले, किती गोलांना पास दिला. दहा संधी वाया घालवून अकराव्या संधीवर गोल केला, तर दुसऱ्या दिवशी छायाचित्र त्याचंच. बचावपटूचा हिशेब याच्या नेमका उलटा. त्यानं दहा चेंडू अडवले आणि अकरावा सुटला, तर छायाचित्र त्या अकराव्याचं. गोल झाला नाही, हे त्याचं काम. पण जे झालंच नाही, ते दाखवायचं कसं? आमच्या धंद्यातही असं असतं. कवितेतला जो शब्द मी खोडला, त्याबद्दल मला कुणी दाद देत नाही. चुकून राहिला असता, तर मात्र टीका झाली असती.

त्यात बगलेवरच्या बॅकचं काम आता पूर्वीपेक्षा अवघड झालं आहे. गुझमान बगलेवर खेळते. जुन्या काळी बॅक म्हणजे आपल्या अर्ध्या मैदानात उभा राहून मिळेल तो चेंडू लांब भिरकावून देणारा दणकट गडी. आता तसं नाही. संघ चढाई करतो तेव्हा बगलेच्या बॅकनं विंगरसारखं पुढे जायचं, क्रॉस टाकायचा, आणि चेंडू हिसकावला गेला की शंभर मीटरच्या मैदानात पुन्हा उलट धावत जागेवर यायचं. शिवाय चौघांची फळी एका ओळीत ठेवायची. ऑफसाइडचा नियम असा की पास सुटण्याच्या क्षणी आघाडीचा खेळाडू चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे असता कामा नये. त्यामुळे चौघींपैकी एकीनं पाऊलभर मागे राहिलं, तरी तिघींनी नीट धरलेली ओळ वाया जाते. म्हणजे बचाव हे जितकं पायाचं काम आहे, तितकंच शेजारणीवर भरवसा ठेवायचं काम आहे.

गुझमान ज्या व्यवस्थेतून वर आली, तीही फारशी भरवशाची नव्हती. तिचा क्लब देपोर्तिवो पेरेरा, कोलंबियाच्या कॉफीच्या मळ्यांच्या प्रदेशातला. त्या देशात स्त्रियांची व्यावसायिक लीग सुरू झाली ती २०१७ साली. २०१९ मध्ये राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंनी उघडपणे पुढे येऊन मानधन आणि वागणुकीबद्दल तक्रारी मांडल्या. २०२२ मध्ये तर वर्षाच्या उत्तरार्धात लीगच होणार नाही असं ठरलं, तेव्हा कोपा अमेरिका स्पर्धेत राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी मुठी उंचावून निषेध केला. आणि त्याच स्पर्धेत हा संघ अंतिम फेरीत पोचला! सांगायचा मुद्दा असा की व्यावसायिक खेळाडू म्हणजे पगार, गाडी, जाहिरात असं चित्र आपल्या डोळ्यांपुढं येतं. इथं मात्र सामने होतील की नाही, याचीच खात्री नव्हती. चूक झाली तर ती पुसायला पुढचा सामना लागतो. पुढचा सामनाच नसेल, तर शेवटची चूक हीच माणसाची ओळख होऊन बसते.

गुझमानला पुढचा सामना मिळाला, आणि तो साधासुधा नव्हता. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मोठ्या स्त्रियांचा विश्वचषक झाला. कोलंबियाचे प्रशिक्षक नेल्सन अबादिया यांनी नुकतीच अठरा वर्षं पूर्ण केलेल्या गुझमानला त्या संघात घेतलं. गटात कोलंबियानं जर्मनीसारख्या संघाला २-१ असं हरवून खळबळ उडवली. बचावफळीत डावीकडे खेळणाऱ्या मानुएला व्हानेगासनं अगदी अखेरच्या क्षणी तो विजयी गोल केला होता. पण बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात निलंबनामुळे व्हानेगास खेळू शकणार नव्हती. तिच्या जागी कोण?

८ ऑगस्ट २०२३, मेलबर्न. समोर जमैका. या जमैकानं गटातल्या तीन सामन्यांत, फ्रान्स आणि ब्राझीलविरुद्धसुद्धा, एकही गोल होऊ दिला नव्हता. व्हानेगासच्या जागी अबादिया यांनी गुझमानला उतरवलं. या विश्वचषकात पहिल्या अकरांत खेळण्याची तिची ती पहिलीच वेळ. नेरूळच्या रात्रीपासून दिवस मोजले तर २८२ भरतात.

पहिलं सत्र गोलशून्य. एक्कावन्नाव्या मिनिटाला डाव्या बगलेवर गुझमानकडे चेंडू आला. तिनं वर पाहिलं आणि जमैकाच्या सगळ्या बचावफळीच्या डोक्यावरून मैदानाच्या पार दुसऱ्या अंगाला एक लांब, तिरपा चेंडू टाकला. तो नेमका पोचला कर्णधार कातालिना उस्मेकडे. कोलंबियाकडून सर्वाधिक गोल करणारी ही खेळाडू. तिनं चेंडू ताब्यात घेतला आणि गोलकीपरला चकवून जाळ्यात घातला. कोलंबिया १, जमैका ०. नेरूळसारखाच एका गोलाचा सामना. स्त्रियांच्या विश्वचषकात कोलंबिया प्रथमच उपान्त्यपूर्व फेरीत गेला. अमेरिका खंडांमधून शेवटच्या आठांत पोचलेला त्या वर्षीचा तो एकमेव संघ. अमेरिका आणि ब्राझील दोघेही घरी गेले होते.

गोल उस्मेचा होता, तिच्याच नावावर लागला आणि ते योग्यच आहे. पण तो पास पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे. ज्या मुलीला नऊ महिन्यांपूर्वी चेंडूला पाय लावल्याची एवढी मोठी किंमत मोजावी लागली, ती अशा वेळी काय करेल असं तुम्हाला वाटतं? मी तिच्या जागी असतो, तर चेंडू जवळच्या सोबतिणीकडे सरकवून मोकळा झालो असतो. चूक व्हायला नको, एवढंच पाहिलं असतं. बरेच जण असंच करतात. एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. तिनं जो पास टाकला तो फुंकून टाकलेला नव्हता. तो एखाद-दोन मीटरनं चुकला असता, तर थेट जमैकाच्या पायात गेला असता आणि तिची बगल उघडी पडली असती.

चार दिवसांनी सिडनीत, पंच्याहत्तर हजार प्रेक्षकांपुढे इंग्लंडविरुद्ध सामना झाला. उजवीकडची कॅरोलिना आरियास सुरुवातीलाच जखमी झाली आणि गुझमानला आत यावं लागलं. लेसी सांतोसच्या गोलानं कोलंबियानं आघाडी घेतली. पण पहिल्या सत्राच्या वाढीव वेळेत कोलंबियाच्या गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला आणि इंग्लंडनं बरोबरी साधली. दुसऱ्या सत्रात आणखी एक गोल करून इंग्लंड २-१ असं जिंकलं. म्हणजे पुन्हा चूक, पुन्हा शेवटच्या फळीतली, आणि पुन्हा हार. खेळात हे असंच चालतं. सिनेमासारखा शेवट नेहमी होत नाही. विश्वचषकानंतर जर्मनीच्या बायर्न म्युनिक या बलाढ्य क्लबनं गुझमानला करारबद्ध केलं. कॉफीच्या प्रदेशातून बव्हेरियात. तिथं पहिल्या अकरांत जागा मिळवणं ही पुन्हा वेगळी लढाई, कारण असल्या क्लबात प्रत्येक जागेसाठी देशोदेशीच्या खेळाडू रांगेत असतात.

बचावपटूचं मोल कुणी करतच नाही, असं मी म्हणालो, तर ते मात्र आता पूर्ण खरं राहिलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबनं अमेरिकेच्या नाओमी गिर्मा हिला सॅन दिएगोच्या क्लबकडून घेतलं. इथिओपियातून आलेल्या आईबापांची ही कॅलिफोर्नियात जन्मलेली मुलगी. तिच्यासाठी मोजलेली रक्कम सुमारे अकरा लाख डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. स्त्रियांच्या फुटबॉलमध्ये दहा लाख डॉलरचा आकडा ओलांडणारी ती पहिली खेळाडू, आणि तीही बचावपटू. २०२३ साली अमेरिकेची वर्षातली सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून तिची निवड झाली, तेव्हा हा मान मिळवणारी ती पहिलीच बचावपटू होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेनं सुवर्णपदक जिंकलं, त्यात सहा सामन्यांत मिळून फक्त दोन गोल खाल्ले. शेवटचे तिन्ही सामने १-० असे जिंकले. असे सामने गोल करणारी जिंकून देते, तितकेच गोल न होऊ देणारीही. गिर्माचा विक्रम सहा महिन्यांच्या आत मोडला. जुलै २०२५ मध्ये आर्सेनलनं कॅनडाच्या ऑलिव्हिया स्मिथसाठी दहा लाख पौंड मोजले. ती आघाडीची खेळाडू. पण पहिलं नाव बॅकचं लागलं ते लागलंच.

गिर्मा आणि गुझमान यांची तुलना करायचा माझा हेतू नाही. एकीच्या पाठीशी अमेरिकेतली विद्यापीठं आणि लीग उभी होती, तर दुसरीच्या देशात वर्षभर सामने होतील की नाही हेच ठरत नव्हतं. मला एवढंच म्हणायचं आहे, की बचावपटूची कारकीर्द तिच्या एका चुकीवरून मोजू नये. ती चूक झाल्यावर तिला पुढचा सामना कुणी दिला, आणि त्या सामन्यात ती कशी खेळली, यावरून मोजावी. यातला दुसरा भाग तिच्या हातात असतो. पहिला भाग असतो प्रशिक्षकाच्या, क्लबच्या, संघटनेच्या हातात. आणि थोडासा गॅलरीत बसलेल्या आपल्याही हातात. नाव पाडणारे आपणच असतो.

आता आपल्याकडेही मुली मोठ्या संख्येनं खेळू लागल्या आहेत. कोल्हापुरात, मुंबईत, गोव्यात शाळांच्या मैदानांवर मुलींचे संघ दिसतात. जुलै २०२५ मध्ये आपल्या मुलींनी थायलंडला २-१ असं हरवून आशियाई स्पर्धेत मैदानावरच्या कामगिरीनं स्थान मिळवलं. या मुलींमध्ये कुणीतरी बॅक असणार. कधीतरी तिच्या पायाला चेंडू लागणार. तेव्हा घरी आल्यावर आईबापांनी तिला काय विचारावं, याचा विचार आधीच करून ठेवायला हरकत नाही. मला विचाराल तर एकच प्रश्न पुरे : पुढचा सामना कधी आहे?

मेलबर्नचा सामना आपल्याकडे दुपारी होता. भाईजान दुकानात होता. संध्याकाळी मी मुद्दाम तिकडे गेलो आणि मोबाइलवर त्याला तो पास दाखवला. ही तीच मुलगी, नेरूळची, असं सांगितलं. त्यानं हात पुसले, चष्मा लावला, आणि चार-पाच वेळा पाहिला. गोल झाल्यावरचा जल्लोष त्यानं पाहिला नाही. तिच्या पायातून चेंडू सुटतो तिथपर्यंतच तो बघायचा आणि पुन्हा मागे न्यायला सांगायचा. शेवटी म्हणाला, “हिला खेळवलं कुणी?”

मी प्रशिक्षकाचं नाव सांगितलं. त्याला ते नीट उच्चारता आलं नाही. त्यानं मोबाइल मला परत दिला आणि समोर उघडून ठेवलेल्या सेल्फचं काम पुन्हा हातात घेतलं.